सिकलसेल: हिमोग्लोबिनमधलं एकच अमिनो आम्ल बदलतं, मग एवढं सगळं का बिघडतं?

जीवशास्त्र_धानोरा:

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमच्याकडे सिकलसेल हा नुसता धड्यातला विषय नाही. शिबिरात तपासणी झालेली असते, त्यामुळे एएस (एक जनुक नेहमीचा ए, एक सिकलचा एस, म्हणजे वाहक), एसएस (दोन्ही सिकलचे, म्हणजे आजार) हे शब्द मुलांना माझ्या तासाच्या कितीतरी आधीपासून माहीत असतात. कुणाचा भाऊ, कुणाची मावशी, कुणी स्वतः.

पुस्तकात इतकंच आहे की बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीच्या, जनुकात सहाव्या जागी डीएनएच्या जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, साखळीत १४६ अमिनो आम्लं आहेत म्हणता. १४५ तर बरोबर आहेत. मग एकट्याने अख्खी पेशी कशी वाकते? आणि डीएनएमध्ये बदल सगळ्यांच्याच असतात म्हणता, तर आपण सगळेच आजारी का नाही?" प्रश्न चांगला आहे आणि त्याला पुस्तकापलीकडचं उत्तर मिळायला हवं असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न एका मुलीचा. तास संपल्यावर थांबून विचारला. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरत आहे. बहीण एएस. मुलाची शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह. "मग आता काळजी नाही ना, सर?" तिला उत्तर देण्याआधी इथे विचारतो आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

एचपीएलसी_नागपूर:

सर, मी नागपुरात एका प्रयोगशाळेत आहे, रोजचं काम हिमोग्लोबिनच्या एचपीएलसीचं, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायच्या चाचणीचं. आधी त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं बोलू. मुलीच्या प्रश्नाला घाईने "हो" म्हणू नका, त्यावर खाली येते.

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार साखळ्या. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या. दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. साखळी घडी पडून गोळा होते आणि त्या घडीत लोह असलेलं हीम बसतं, तिथे ऑक्सिजन धरला जातो. आता बीटा साखळीची सहावी जागा या घडीत कुठे येते ते बघा. ती आत हीमजवळ नाही, बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. म्हणून सिकलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं आणि सोडतंही. त्याच्या मूळ कामात फारशी खोट नसते. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण "हिमोग्लोबिन खराब झालं म्हणून ऑक्सिजन धरता येत नाही" अशी समजूत मी शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकते.

बिघडतं ते शेजाऱ्याशी असलेलं नातं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाणी टाळणारं. पृष्ठभागावर, भोवती पाणी असताना असा तेलकट उंचवटा आला की तो लपायला जागा शोधतो. ती जागा मिळते शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर, ८५ व्या जागचं फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ व्या जागचं ल्युसिन यांच्यामध्ये असलेल्या खळग्यात. आणि खरी गोष्ट पुढे आहे: हा खळगा हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडल्यावरच उघडतो. ऑक्सिजन धरलेला असताना रेणूचा आकार थोडा वेगळा असतो आणि व्हॅलिनला तिथे बसता येत नाही. म्हणजे फुप्फुसात सगळं ठीक. रक्त स्नायूंत, हाडांत, प्लीहेत पोचलं, ऑक्सिजन सोडला की एका रेणूचं व्हॅलिन दुसऱ्याच्या खळग्यात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, असं करत लांब दोर तयार होतो. चौदा पदरांचा. असे दोर पेशीत भरले की पेशीला गोल राहताच येत नाही.

तर त्या मुलाला सांगा: बाकीची १४५ बरोबर आहेत हे खरंच आहे, आणि ती बरोबर आहेत म्हणूनच घडी नीट पडते, रेणू टिकतो, पेशीत भरपूर प्रमाणात साठतो. भरपूर साठतो म्हणूनच चिकटायला शेजारी मिळतात.

पेशी परत फुप्फुसात गेली की दोर सुटतात, ती पुन्हा सरळ होते. पण असं वारंवार झालं की तिचं आवरण कायमचं बिघडतं. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी. आणि वाकलेल्या, ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून त्या जीवघेण्या वेदना. दोर बनण्याचा वेग पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार अवलंबून असतो. दाटपणा जरा वाढला की वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच आम्ही पेशंटला पाणी प्या, पाणी प्या म्हणत असतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामावर गेलेला, ताप आलेला, जुलाब झालेला एसएस पेशंट वेदनेने तळमळत येतो, त्याचं कारण या दाटपणात आहे.

एएस माणसाच्या प्रत्येक लाल पेशीत दोन्ही प्रकारची साखळी बनते. त्यात एस साधारण ३५ ते ४० टक्के, उरलेलं बहुतेक ए. ए मधे मधे येत राहतं, दोराची वाढ अडते, म्हणून एएस व्यक्ती रोजच्या आयुष्यात ठणठणीत असते.

आता "सगळेच आजारी का नाही" हा भाग. त्याच सहाव्या जागेवर थांबून मुलांना दाखवा, दुसरीकडे जायची गरजच नाही. जीएजीचं जीएए झालं तर? दोन्हींचा अर्थ ग्लुटामिक आम्लच. डीएनए बदलला, प्रथिनाला पत्ताही नाही. जीएजीचं एएजी झालं तर लायसिन येतं. हे हिमोग्लोबिन सी, पश्चिम आफ्रिकेत आढळतं. एकट्याने त्याचा त्रास सौम्य असतो. जीएजीचं जीसीजी झालं तर अ‍ॅलनिन येतं. हे हिमोग्लोबिन इंडोनेशियातल्या मकासारच्या नावाने ओळखलं जातं आणि ते बाळगणारी माणसं सहसा निरोगी असतात, कारण अ‍ॅलनिन लहान आहे, त्या खळग्यात ते व्हॅलिनसारखं घट्ट बसत नाही. एकाच जागी चार बदल, चार वेगळे परिणाम. हिमोग्लोबिनचे असे हजाराहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि त्यातले बरेचसे माणसाला कळतही नाहीत.

एक बारीक गोष्ट, कारण पालक रिपोर्ट घेऊन येतात आणि गोंधळतात. जनुकीय तपासणीच्या नव्या रिपोर्टमध्ये हाच बदल सातव्या जागी लिहिलेला असतो. दोन्ही बरोबर. साखळी बनताना सुरुवातीला मेथिओनिन असतं, ते नंतर छाटलं जातं. जुनी मोजणी छाटलेल्या साखळीवरून केलेली, नवी मोजणी जनुकावरून, मेथिओनिन धरून.

आणि जमलं तर दोन माणसांबद्दल नक्की सांगा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं हे दाखवलं, आणि एखादा आजार रेणूत असू शकतो हे प्रथमच स्पष्ट झालं. मग १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी दोन्ही हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या विकराने तुकडे केले, ते कागदावर पसरवले, आणि ठिपक्यांच्या त्या नकाशात एकच ठिपका जागा सोडून गेलेला सापडला. त्यावरून ते त्या एका अमिनो आम्लापर्यंत पोचले. तेव्हा कुठल्या तीन अक्षरांचा अर्थ काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला हे आजही थक्क करतं.

माझं मशीन करतं ते याच तत्त्वावर. नळीतल्या भारित कणांना जे हिमोग्लोबिन जास्त धरून बसतं ते उशिरा बाहेर येतं. आमच्याकडे ए साधारण अडीच मिनिटांला येतं. एस ने ऋण भार गमावलेला, ते साडेचारच्या आसपास. सी वर तर धन भारच आलेला, ते आणखी मागून. एका अमिनो आम्लाचा भार स्क्रीनवर असा मिनिटांत दिसतो.

आता मुलीचा प्रश्न. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब अशा द्रावणात टाकतात जे पेशी फोडतं आणि ऑक्सिजन काढून घेतं. एस असेल तर ते दोर होऊन साका बनतं, नळी गढूळ होते, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. कमी खर्चाची, झटपट, गावात करता येणारी चाचणी आहे आणि चाळणी म्हणून तिचं मोल मोठं आहे. पण ती फक्त "एस आहे का" एवढंच सांगते. एएस की एसएस हे सांगत नाही, आणि एस सोडून दुसरं काही असेल तर ते तिला दिसतच नाही. मुलगा निगेटिव्ह म्हणजे त्याच्यात एस नाही. त्याचा बीटा जनुक निर्दोष आहे असा त्याचा अर्थ होत नाही. त्याची एचपीएलसी करून घ्या.

नवापूरची_आई:

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. आमच्या घरात हेच झालं.

लग्नाआधी शिबिरात दोघांची टेस्ट झाली होती. माझी पॉझिटिव्ह, नंतर एएस निघाली. ह्यांची निगेटिव्ह. आम्हाला सांगितलं, एकच वाहक आहे, मुलांना आजार होणार नाही, फार तर एएस होतील. आम्ही निर्धास्त. मुलगा नऊ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले, बोटं अशी फुगली की मूठ मिटेना. रात्रभर रडायचा. आधी मार लागला म्हणाले, मग संधिवात म्हणाले. शेवटी मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांचं रक्त घेतलं, आणि त्याला रक्त चढवायच्या आधी घेतलं, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

मुलाच्या रिपोर्टात बहुतेक सगळं एस आणि एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन), ए फक्त चार-पाच टक्के. ह्यांच्या रिपोर्टात ए-टू (थोड्या प्रमाणात असणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) ५.२ टक्के. खाली लिहिलेलं, बीटा थॅलेसेमिया वाहक. मुलाचं निदान एस-बीटा थॅलेसेमिया. पुढे जनुकाची तपासणी झाली, त्यात ह्यांचं "आयव्हीएस १-५, जी चं सी" असं आलं.

मुलगा आता शाळेत जातो, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे, दुखणं पुष्कळ कमी झालंय. पण माझ्या मनातला प्रश्न कुणी नीट सोडवला नाही. हे गाडी चालवतात, पोती उचलतात, कधी आजारी पडत नाहीत. ह्यांच्यात एस नाही. मग ह्यांच्याकडून मुलाला असं काय गेलं? सासरचे अजूनही म्हणतात, दोष फक्त माझ्याकडचा.

एचपीएलसी_नागपूर:

वहिनी, दोष कुणाचाच नाही, हे आधी सांगते, आणि सासरच्यांनाही हे वाचून दाखवा. आता ह्यांच्याकडून काय गेलं ते.

जनुकातले बदल प्रथिनाला दोन तऱ्हांनी बाधतात. एका तऱ्हेत प्रथिन भरपूर बनतं पण वेगळं बनतं. तुमच्याकडचं एस त्यातलं. दुसऱ्या तऱ्हेत जे बनतं ते अगदी बरोबर असतं, पण फार थोडं बनतं, किंवा बनतच नाही. थॅलेसेमिया हा दुसऱ्या तऱ्हेचा.

बीटा ग्लोबिनचं जनुक सलग नाही. त्यात प्रथिनाचा मजकूर असलेले तीन भाग आणि त्यांच्या मधे दोन भाग असे की ज्यांचा मजकूर प्रथिनात उतरत नाही. पेशी आधी सगळ्याची आरएनए नक्कल काढते, मग मधले भाग कापून टाकून तीन तुकडे जोडते. कुठे कापायचं हे तिला मधल्या भागाच्या काठावरच्या अक्षरांवरून कळतं. "आयव्हीएस १-५" म्हणजे पहिल्या मधल्या भागाचं पाचवं अक्षर. तिथे जी च्या जागी सी आलं की काठ ओळखू येत नाही, कात्री भलतीकडे चालते, आणि बहुतेक नकला वाया जातात. थोड्या नीट कापल्या जातात, त्यांतून थोडं चांगलं बीटा ग्लोबिन तयार होतं. मुलाच्या रिपोर्टातलं ते चार-पाच टक्के ए म्हणजे तेच. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त आढळणारा बदल हाच आहे. बघा, प्रथिनाचं एकही अमिनो आम्ल बदललेलं नाही, आणि तरीही प्रथिन जवळजवळ नाहीसं झालं.

तुमच्या ह्यांचा दुसरा बीटा जनुक धडधाकट आहे, तो गरज भागवतो. पेशी थोड्या लहान, ए-टू थोडं वाढलेलं, बाकी तब्येत उत्तम. सोल्युबिलिटी टेस्टला सापडण्यासारखं त्यांच्या रक्तात काहीच नव्हतं.

आणि मुलाचं म्हणाल तर: तुमच्याकडून एस आला, तो पूर्ण जोराने चालणारा. ह्यांच्याकडचा जनुक जवळजवळ गप्प. वर लिहिलं ना, एएस माणसाला त्यातलं ए वाचवतं. मुलाला ते ए मिळालंच नाही. त्यामुळे त्याची पेशी एस नेच भरली, आणि आजार एसएस सारखाच झाला. तुमच्या एकट्याचा जनुक असता तर तो एएस होऊन हसतखेळत राहिला असता. ह्यांच्या एकट्याचा असता तरी तसंच. दोन्ही एकत्र आल्यामुळे झालं. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते, म्हणून पुढचं मूल हवं असेल तर गर्भाची तपासणी होते, साधारण १० ते १२ आठवड्यांत, हे डॉक्टरबाईंशी बोलून ठेवा.

सर, तुमच्या वर्गासाठी यात एक सुंदर उदाहरण आहे. फळ्यावर जनुकाची सुरुवात लिहा, पाचव्या जागेपासून पुढे: सीसीटी, जीएजी, जीएजी, एएजी, टीसीटी, जीसीसी, जीटीटी, एसीटी, जीसीसी, सीटीजी, टीजीजी, जीजीसी, एएजी, जीटीजी, एएसी. सहाव्या जागच्या जीएजी मधलं मधलं ए बदलून टी केलं तर सिकल. आता तेच ए बदलू नका, पुसून टाका, आणि पुन्हा तीन-तीनचे गट पाडा: सीसीटी, जीजीजी, एजीए, एजीटी, सीटीजी, सीसीजी, टीटीए, सीटीजी, सीसीसी, टीजीटी, जीजीजी, जीसीए, एजीजी, टीजीए. टीजीए म्हणजे थांबा. सतरा अमिनो आम्लं झाली की साखळी संपली, १४६ कुठली यायला! हा माणसांत सापडलेला खरा बदल आहे, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत आढळतो, आणि त्यातून बीटा ग्लोबिन अजिबात न बनणारा थॅलेसेमिया होतो. तेच एक अक्षर. बदललं तर एक आजार, गळलं तर दुसराच. मुलांना स्वतः गट पाडायला लावा, टीजीए त्यांचं त्यांना सापडू द्या.

भारतातले आणखी दोन सांगते. पंधराव्या जागचं टीजीजी बदलून टीएजी होतं, तिथेच थांबा. आणि सिंधी समाजात जनुकाच्या शेवटाकडचा ६१९ अक्षरांचा तुकडाच नसणं बऱ्याचदा दिसतं. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाची तपासणी वर्षानुवर्षं चालू आहे. पण थॅलेसेमिया त्यांचा आणि सिकलसेल आदिवासींचा, अशी जी वाटणी लोकांच्या डोक्यात बसली आहे ती फार महागात पडते. नवापूरच्या वहिनींच्या घरी काय झालं ते वाचलंच आपण.

जनुक_पुणे:

मी पुण्यात पीएचडी करतो, विषय गॅमा ग्लोबिन. एक भर घालतो, कारण या धाग्यात एफ चा उल्लेख आला आहे.

गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, त्या हिमोग्लोबिनला एफ म्हणतात. गॅमा साखळी एस च्या दोरात सामील होत नाही, उलट त्याची वाढ अडवते. म्हणून एसएस बाळाला पहिले काही महिने काही होत नाही. गॅमा ओसरून बीटा वाढलं की त्रास सुरू होतो, नवापूरच्या ताईंच्या बाळाला नवव्या महिन्यात झाला तसा. आणि म्हणूनच सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट भरवशाची नसते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. भारतातला एस जनुक ज्या गुणसूत्रांवर आढळतो, त्यांच्यावर गॅमा जनुकाच्या अलीकडे, १५८ अक्षरं आधी, बहुधा सी च्या जागी टी असतं. याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणाऱ्या बदलांचा संच) म्हणतात. हे अक्षर कुठल्याच प्रथिनाचा भाग नाही, पण त्याच्यामुळे मोठेपणीही गॅमा जास्त बनत राहतं. आपल्याकडच्या रुग्णांत एफ आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा सरासरीने जास्त असतं, आणि आजार तुलनेने सौम्य. हायड्रॉक्सियुरियाने मुख्यतः साधतं तेही एफ वाढवणं.

२०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला कॅसजेवी हा क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापायचं तंत्र) वापरणारा उपचार एस च्या अक्षराला हातच लावत नाही. बीसीएल११ए नावाचं प्रथिन गॅमा जनुकाला गप्प ठेवतं. रक्तपेशींत ते प्रथिन ज्या स्विचमुळे बनतं तो स्विच तोडतात, आणि गॅमा पुन्हा सुरू होतं. मूळ चूक तशीच राहते आणि माणूस बरा होतो. दुसरीकडे २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात संशोधकांनी एस चं जीटीजी बदलून जीसीजी केलं, म्हणजे ताईंनी वर सांगितलेलं मकासार. परत जीएजी करणं त्या अवजाराला जमत नव्हतं, म्हणून त्यांनी निसर्गातलंच एक निरुपद्रवी रूप निवडलं.

एचपीएलसी_नागपूर:

माहिती उत्तम, पण "आपल्याकडे आजार सौम्य" हे वाक्य मुलांपुढे मांडू नका, कळकळीची विनंती. सरासरी ही सरासरी असते. विदर्भातली एसएस मुलं वेदनेने, छातीच्या त्रासाने, प्लीहा एकाएकी फुगून दाखल होताना मी पाहते. एफ भरपूर असूनही त्रास होणारे रिपोर्ट माझ्या हातून गेलेत. सौम्य म्हटलं की घरचे तापाला दोन दिवस थांबतात, आणि एसएस मुलाच्या तापाला थांबायचं नसतं.

एक प्रकार राहिला, तोही वर्गात सांगण्यासारखा. हिमोग्लोबिन डी, पंजाब नावाचं, आपल्याकडेही सापडतं. १२१ व्या जागी जीएए चं सीएए, ग्लुटामिक आम्लाचं ग्लुटामिन. एकट्याने निरुपद्रवी. एसच्या जोडीला आलं तर गंभीर सिकल, कारण १२१ वी जागा त्या दोरात शेजाऱ्याला टेकणारी आहे. बदल चांगला की वाईट हे त्याच्या एकट्याकडे बघून ठरत नाही.

जीवशास्त्र_धानोरा:

मनापासून धन्यवाद. आज वर्गात टीजीए चा प्रयोग केला. मागच्या बाकावरच्याने सगळ्यांच्या आधी गट पाडले, आणि लगेच पुढचं विचारलं: मग असा वाईट बदल हजारो वर्षांत नाहीसा का झाला नाही? ते मला सांगता आलं. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की एएस व्यक्तींना फाल्सिपॅरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरिया म्हणजे काय हे गडचिरोलीच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. नवापूरच्या ताईंचं लिहिणं नाव-गाव वगळून वाचून दाखवलं. मुलाकडचे आधी बिचकले, "मुलगी नाकारायला बहाणा तर नाही ना" असं त्यांनाच वाटलं. मी सांगितलं, लग्न मोडायचा प्रश्नच नाही, फक्त माहिती हवी आहे. मुलगा स्वतः तयार झाला. पण त्याचं हिमोग्लोबिन शिबिरात ९ आलं होतं. त्याने रिपोर्टात काही फरक पडतो का?

एचपीएलसी_नागपूर:

पडतो, बरं झालं विचारलंत. शरीरात लोह कमी असेल तर ए-टू चा आकडा खाली येतो, आणि थॅलेसेमिया वाहक असूनही रिपोर्ट नॉर्मलच्या काठावर दिसू शकतो. पेशी लहान असणं हे तर दोन्हींत असतं, त्यावरून फरक कळत नाही. म्हणून एचपीएलसीसोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) करून घ्या. ए-टू चार किंवा वर आलं तर वाहक धरायचं. साडेतीन ते चारच्या मधे आलं, किंवा साडेतीनच्या खाली असून फेरिटिन कमी आणि एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) लहान असेल, तर लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून एचपीएलसी पुन्हा करायची. तरीही शंका राहिली तर बीटा जनुकाची तपासणी. त्यासाठी मुंबईला परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेपर्यंत जायची गरज पडेलच असं नाही, चंद्रपूरला त्यांचं केंद्र आहे, तुम्हाला तेच जवळ. आणि गेल्या तीनेक महिन्यांत मुलाला रक्त चढवलेलं असेल तर ते नमुना देताना सांगा, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाईल.

मुलीच्या बहिणीचाही पूर्ण रिपोर्ट सोबत असू द्या. एस किती टक्के आहे ते मला बघायचं आहे. २५-३० च्या आसपास असेल तर तिच्यात अल्फा थॅलेसेमियाही असण्याची शक्यता असते, आपल्या आदिवासी भागात ते बरंच आढळतं. रिपोर्ट आले की ए-टू, एमसीव्ही, फेरिटिन आणि एस हे आकडे इथे टाका. नावं टाकू नका.